हॅलोवीनला जुने कृष्णधवल भयपट: खरंच भीती वाटते का?

रात्रपाळी (न्यू जर्सी):
ऑक्टोबर लागला की इथे अंगणाअंगणात प्लास्टिकचे सांगाडे उगवतात आणि मी रोज रात्री एक जुना भयपट लावतो. काल 1931चा 'फ्रँकेन्स्टाईन' होता. राक्षस झालेला बोरिस कार्लोफ पहिल्यांदा येतो तो पाठमोरा, दारातून उलटा चालत. मग सावकाश वळतो आणि दोन-तीन झटक्यांत तो चेहरा पडदाभर होतो. ना संगीत, ना किंकाळी. हल्लीचे भयपट कानाशी ताट आपटून दचकवतात. माझ्या मते भीतीची गोष्ट 1940च्या आतच सांगून झाली. पटत नसेल तर बोला.

मिठाचा_खडा:
बोलतो. तुम्हाला भीती वाटत नाहीये, जुनं आहे म्हणून कौतुक वाटतंय. त्याच वर्षीचा 'ड्रॅक्युला' घ्या. नामावलीला 'स्वान लेक', पुढे जवळजवळ सगळा सिनेमा पार्श्वसंगीताविना. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी एकेक शब्द पोळीसारखा लाटतो. सुळे दाखवलेलेच नाहीत! आणि ट्रान्सिल्व्हेनियाच्या गढीत फिरतायत चक्क आर्माडिलो, म्हणजे अमेरिकेतले खवलेवाले प्राणी. आमचे चिरंजीव विसाव्या मिनिटाला घोरत होते.

कंदीलवाला:
आर्माडिलो, हसून हसून पुरेवाट! पण शांततेबद्दल असहमत. 1999 साली संगीतकार फिलिप ग्लासने 'ड्रॅक्युला'ला संगीत दिलं, क्रोनोस क्वार्टेट या वादकांच्या चौकडीने वाजवलं. दोन्ही पाहिलेत. संगीत असलं की व्हायोलिनं आधीच चुगली करतात. नसलं की घरातला फ्रिज घुरघुरला तरी मान वळते. अकरानंतर दिवे घालवून बघा.

मिठाचा_खडा:
म्हणजे श्रेय फ्रिजचं, लुगोसीचं नाही. बरं, 1922चा 'नॉस्फेराटू'? पिशाच्च काउंट लख्ख उजेडात शवपेटी काखोटीला मारून गावातून चाललाय, कोपऱ्यावरून पाव आणायला निघाल्यासारखा.

रीळबाबा:
थांबा, हा 'नॉस्फेराटू'च्या दिग्दर्शकावर, मुर्नाऊवर अन्याय आहे. ती दृश्यं दिवसाच चित्रित केली होती, पण रात्र कळावी म्हणून प्रतींना निळी छटा दिलेली होती. पुढे वर्षानुवर्षं बिनछटेच्या प्रती फिरल्या आणि रात्रीची दुपार झाली. छटा परत दिलेली प्रत बघा, मग पावाचं बोला. धागाकर्त्यांनाही एक चिमटा: शीर्षकातलं 'कृष्णधवल' इथे लंगडं पडतं. कार्लोफच्या तोंडाला तर रंगभूषाकार जॅक पियर्सने करडा-हिरवट रंग फासला होता. फिल्मवर तो मढ्यासारखा फिका उमटायचा.

माईची_लेक:
सगळे भीतीवरच अडलात. मला 'फ्रँकेन्स्टाईन'मध्ये रडू येतं. तळ्याकाठी छोटी मारिया राक्षसाला फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, ती तरंगतात, हा हसतो. हातातली फुलं संपतात. हीसुद्धा तरंगेल असं वाटून तो तिला उचलून टाकतो आणि मग भांबावून धडपडत निघून जातो. सेन्सॉरच्या कात्रीने हे उडवलं. प्रेक्षकांना दिसलं ते इतकंच: त्याने तिच्याकडे हात पुढे केले, आणि नंतर लग्नाच्या जल्लोषातून बाप तिचं प्रेत घेऊन चाललाय. मधलं ज्याचं त्याने ठरवायचं. ऐंशीच्या दशकात तो तुकडा परत जोडेपर्यंत लोक त्याला भलत्याच गुन्ह्याचा धनी करत असणार.

रात्रपाळी:
माई, माझ्या मूळ मुद्द्याला तुम्हीच सुरुंग लावलात. न दाखवलेलं जास्त भयंकर, हे मी गुण म्हणून मिरवतो. इथे ते न दाखवणं कात्रीवाल्यांचं, आणि बिचाऱ्यावर अन्याय करणारं.

मिठाचा_खडा:
आत्ता तो तळ्याचा प्रसंग पाहिला. भीती वाटली नाही, हे नोंदवून ठेवा. पण चिरंजीव जागे होते, आणि "त्याला कुणी सांगितलं का नाही?" असं दोनदा विचारलं. उद्या पुढचा, 1935चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' लावतोय. ड्रॅक्युलाला मात्र आमच्या घरात परत प्रवेश नाही, आर्माडिलोंसकट.