प्रतिसाद: गोवर आणि रुग्णालयातील भेटी

गोवराच्या रुग्णाला भेटताना तोंडाला रुमाल बांधला की पुरे, असे ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे, त्यात म्हटले आहे. त्यात थोडी भर घालतो. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तिथल्या हवेत सुमारे 2 तास टिकू शकतो, त्यामुळे रुमालाचा उपयोग फारच मर्यादित. शिवाय पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून ते उठल्यानंतर 4 दिवसांपर्यंत रुग्ण संसर्ग पसरवू शकतो, म्हणजे निदान होण्यापूर्वीच बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तो कितीतरी जणांजवळ बसलेला असतो. म्हणून ताप, खोकला, लाल डोळे आणि पुरळ असल्यास आधी दूरध्वनी करून कळवावे आणि सांगतील त्या वेगळ्या दारानेच आत जावे.

आम्हा इंदूरच्या मराठी घरांत आजारी माणसाला भेटायला सगळे कुटुंब, कडेवरच्या बाळासकट, निघते. हा जिव्हाळा मोलाचा खरा, पण 9 महिन्यांखालील बाळाला सहसा लस मिळालेली नसते आणि गर्भवतीला ती देता येत नाही, तेव्हा निदान या दोघांना तरी घरी ठेवावे. ज्यांना गोवर होऊन गेला आहे किंवा लशीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या आहेत, त्यांनीच रुग्णाजवळ थांबावे. चुकून संपर्क आलाच, तर 72 तासांच्या आत घेतलेली लस अनेकदा आजार टाळू शकते. त्यासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.