हात पुढे आला की आपलं काय होतं? (अनुभव धागा)

परवा नाशिकमध्ये सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या सिग्नलला एक आजोबा माझ्या गाडीच्या खिडकीशी आले. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, सिग्नलवरचे आकडे मोजत बसले. हिरवा लागला, निघाले, आणि घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा आठवत राहिले. पाहिलाच नव्हता, तर आठवणार कुठून?

म्हणून हा धागा. भीक द्यावी की देऊ नये यावर मतं नकोत, ती आपण लहानपणापासून ऐकतोय. तुमच्यासमोर हात आला तेव्हा तुम्ही काय केलंत, रस्त्यावर झोपणाऱ्या कुणाशी गाठ पडली का, कधी ती वेळ तुमच्यावरच आली का, ते लिहा. कुणाचं नाव किंवा फोटो मात्र टाकू नका.

रामकुंडाजवळचा दुकानदार

आमचं पूजासाहित्याचं दुकान गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), वडिलांपासूनचं. पितृपक्षात पिंडदानाला गर्दी लोटते. सर्वपित्रीला तर लोक मलाच विचारत येतात, "अहो, कुणी घेणारं आहे का इथं?" पान वाढून तयार असतं, घेणारा मिळेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. काल ज्याला हात जोडून जेवायला बसवलं, त्यालाच "ए, पायरीवरून ऊठ" ऐकावं लागतं.

धरणातून पाणी सोडलं की आम्ही नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावर नजर ठेवून माल वर हलवतो. घाटावर झोपणाऱ्यांनी कुठं जायचं? २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात एक आजी आमच्या ओट्यावर आठ रात्री होत्या. गोणीत एक पातेलं, दोन लुगडी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बँकेचं पासबुक. वारस म्हणून मुलाचं नाव लावलेलं. मुलगा याच शहरात असतो, म्हणाल्या. पुढे मला विचारवलं नाही.

कॉलेज रोड, नोकरी करणारी

मी पैसे देत नाही. एकदा एकाने स्कूटर धरून ठेवली, सोडेचना. तेव्हापासून कुणी जवळ आलं की छातीत धडधडतं. ही भीती खोटी नाही, आणि ती बोलून दाखवली की लोक मला निर्दय ठरवतात. त्याच चौकात एका बाईच्या खांद्यावर एक बाळ दोन तास जराही न हलता झोपलेलं पाहिलं. १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी जागा विचारली, बाळाचं वय, बाईच्या साडीचा रंग विचारला. बाळाचं वय मला सांगता आलं, साडीचा रंग नाही. मी बाईकडे बघितलंच नव्हतं.

मूळचा सुरगाण्याचा, आता इथे शिकतो

तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. मी सहावीत असताना दोन महिने द्वारका चौकाच्या पुढे उड्डाणपुलाखाली राहिलोय. आम्ही भीक मागत नव्हतो. दरवर्षी भात कापून झालं की आईबाप टोळीबरोबर निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला जायचे. उक्तं काम, एकरावर. छाटणीनंतर काडीला पेस्ट लावतात, त्याने हाताची साल निघते. बागेवर असलं की शेतकरी शेडमध्ये जागा देतो. त्या वर्षी काम लवकर आटोपलं, उचल फिटली नव्हती, म्हणून बिगारी मिळेल या आशेने शहरात आलो. सकाळी नाक्यावर उभं राहायचं. कुणी नेलं तर हजेरी, नाही नेलं तर पुलाखाली परत.

सगळ्यात जड काय होतं सांगू? पाणी. आई पहाटे चारला हंडा घेऊन निघायची, कारण उजाडल्यावर नळाजवळ उभं राहिलं की हाकलायचे. अंघोळ नाही म्हणून वास यायचा, वास यायचा म्हणून मुकादम बाजूला काढायचा.

एक बाई रोज संध्याकाळी पोळ्या आणून द्यायच्या, शिळ्या. आमच्याकडे तांदूळ होता, चूल होती. आई तरी दोन्ही हातांनी घ्यायची. मी भांडलो तिच्याशी, आपण काय भिकारी आहोत का म्हणून. आई म्हणाली, "ती एवढ्या लांबून चालत येते, तिला नाही कसं म्हणू?"

निवृत्त, कोर्टात कारकून होतो

कायद्याबद्दल थोडं. आपल्याकडे १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम लागू आहे. पहिल्यांदा दोषी ठरलेल्यालाही एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून मागणं हीसुद्धा त्यात भीकच. माझी आजी पहाटे दारात आलेल्या वासुदेवाला सुपातून धान्य वाढायची आणि वाकून नमस्कार करायची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची शिक्षेची कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. २०२१ मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. गरिबीमुळेच माणूस हात पसरतो, असं म्हणून कोर्टाने तसा आदेश द्यायला नकार दिला. ते वाचलं त्या दिवशी मला आजी आठवली.

रात्री रिक्षा चालवतो, नाशिकरोड

स्टेशनवर म्हातारी माणसं बसलेली दिसतात, त्यातली काही घरच्यांनीच आणून सोडलेली. एका बाबांना विचारलं, कुठं जायचं? म्हणे, मुलगा तिकीट काढायला गेलाय. तीन दिवसांनी परत दिसले, उत्तर तेच.

एका निवाऱ्यात रविवारी जाते

सरकारी योजनेत लाख वस्तीमागे शंभर जणांसाठी एक कायमचा निवारा धरला होता. २०११च्या जनगणनेत आपलं शहर जवळपास पंधरा लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने पंधरा हवेत. पण जागा असूनही लोक का येत नाहीत, हे मला तिथं बसून कळलं. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. भंगार गोळा करणाऱ्याला गोणी बाहेर ठेवावी लागते, ती रात्रीतून जाते. निवारा नाक्यापासून लांब असला की सकाळची हजेरी बुडते. "फुकट जागा देतोय तरी येत नाहीत, माजलेत" असं मीही पूर्वी म्हणायचे. २०२७चा कुंभ जवळ आलाय, आणि घाट मोकळे करा, पूल मोकळे करा, हे ओळखीच्या लोकांकडून आतापासून ऐकतेय. मोकळे करून माणसं कुठं ठेवणार, हे विचारलं की विषय बदलतात.

उड्डाणपुलाजवळ राहते

सुरगाण्याच्या मुला, पोळ्या देणारी मीच असेन असं नाही, पण मीही देत होते. शिळ्याच. ताज्या आपल्या घरी, उरलेल्या त्यांना, यात काही चुकतंय असं वाटलंही नव्हतं. तुम्हाला पाणी हवं होतं, हे मात्र कधी मनात आलं नाही. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला बाहेरच्या बाजूने एक नळ आहे, गाड्या धुवायला लावलेला. तुझं वाचल्यापासून मी पहाटे तो उघडा ठेवते. दोन बायका येतात, हंडे भरतात, सहा वाजायच्या आत जातात. चौथ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. रविवारी मीटिंग आहे, नळाला कुलूप लावायचं की नाही यावर हात वर करायचेत. दोन घरं माझ्या बाजूने आहेत. बाकीच्यांकडे आज संध्याकाळी जाणार आहे.