डिशवॉशरने पाणी खरंच वाचतं का? (टँकरवाली सोसायटी, पुणे)

वाघोलीकर
आमच्याकडे उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात आणि आता घरोघरी मीटर बसलेत, त्यामुळे कुठे किती पाणी जातंय ते बिलात दिसायला लागलंय. घरात पाच माणसं, दोन्ही वेळचा स्वयंपाक, कुकर कढई तवा धरून भांड्यांचा ढीग पडतो. बायको म्हणते डिशवॉशर घेऊ, पाणी वाचेल. आई म्हणते ते मशीन पाणी तापवणार म्हणजे लाइट खाणार, मग वाचलं काय? मला दोघींचंही पटतंय. वापरणाऱ्यांनी सांगा, जाहिरातीतले आकडे नकोत.

खरकटं_आधी_काढा
आधी आत्ता किती जातंय ते मोजा. सिंकच्या नळाखाली बादली ठेवून एक मिनिट नळ नेहमीसारखा सोडा. प्रेशर चांगलं असेल तर मिनिटाला 8-10 लिटर सहज येतं, म्हणजे नळ चालू ठेवून दहा मिनिटं भांडी विसळली तर 80-100 लिटर गेलं. आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर धरून पाणीपुरवठ्याची योजना करतात, आता बघा त्यातलं किती मोरीतच जातं ते. घासताना नळ बंद, एका टबात पहिलं विसळण आणि दुसऱ्यात स्वच्छ पाणी, एवढं केलं तरी पाणी निम्म्याच्या खाली येतं आणि लाइट शून्य. नळाला एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) लावा, अगदी स्वस्तात मिळतो, फक्त बोअरचं पाणी असेल तर क्षार साठून बंद पडतो, अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये टाकायचा. आणि भांडी घासायला मावशी येत असतील तर टब तुम्ही भरून ठेवा, त्यांना नुसतं नळ बंद करा म्हणू नका, त्यांना पुढची चार घरं गाठायची असतात, घाईत माणूस नळ सोडणारच.

श्टुटगार्टहून
इकडे जर्मनीत गणित वेगळं आहे ते लक्षात घ्या. इथे हाताने भांडी धुताना गरम पाणीच वापरतात. नळाचं 12 डिग्रीचं 40 लिटर पाणी 45 पर्यंत तापवायचं म्हटलं तर दीड युनिट जातं, मशीन इको मोडवर साधारण 10 लिटरात आणि एका युनिटच्या आसपास सगळं उरकतं. म्हणून इथे मशीन दोन्हीकडे जिंकतं. "डिशवॉशर वीज वाचवतो" हे तुम्ही नेटवर वाचलं असेल ते अशाच देशांमधलं, पुण्यात तुम्ही गार पाण्याने घासता, त्यामुळे लाइटच्या बाबतीत आईंचं बरोबर आहे, पाण्याच्या बाबतीत वहिनींचं.

ठाण्याची_अनघा
आमच्याकडे मशीन आहे आणि मी खूश आहे, पण ते नीट वापरलं तरच. खरकटं नुसतं झटकून टाकायचं, आधी नळाखाली धुवून मग मशीनमध्ये लावलीत तर पाणी दोनदा गेलं, आणि बहुतेक जण नेमकं हेच करतात. पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही. इको मोडला तीन तास किंवा जास्तच लागतात, लोकांना वाटतं एवढा वेळ म्हणजे लाइट जास्त, पण उलट आहे, लाइट मुख्यतः पाणी तापवायला जाते, इको कमी तापमानाला सावकाश धुतं. 70 डिग्रीचा इंटेन्सिव्ह फक्त तेलकट कढया असतील तेव्हाच. लोखंडी तवा, ॲल्युमिनियमचा कुकर, पितळ, तांबं आत घालायचं नाही, तवा गंजतो आणि ॲल्युमिनियम काळं पडतं. म्हणजे थोडी भांडी हाताने राहतातच, तेही हिशेबात धरा.

वाघोलीकर
धन्यवाद सगळ्यांना! बोअर आणि टँकर मिक्स पाणी आहे, खूप जड. मशीनला चालेल?

ठाण्याची_अनघा
चालतं, पण मशीनचं मीठ घालत राहावं लागतं आणि पाण्याचा जडपणा सेटिंगमध्ये बरोबर टाकायचा, नाहीतर ग्लासांवर पांढरे डाग पडतात. जड पाण्यात आतला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारा भाग, मीठ त्यालाच लागतं) जास्त वेळा धुतला जातो, त्यालाही थोडं पाणी जातं.

खरकटं_आधी_काढा
घरात आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी पहिल्या विसळणाला वापरा. महिनाभर टब आणि एरेटरवर काढा, मीटर बघा, मग मशीनचं ठरवा.