चोक पान्यानेच आवळा

शॉटगनच्या, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीच्या, नळीच्या तोंडात आट्यांवर बसवायचा आणि छर्‍यांचा पसारा ठरवणारा छोटा नळीसारखा तुकडा म्हणजे चोक. "चोक हाताने घट्ट बसला की पाना कशाला" हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. नळी तापते, हादरे बसतात आणि चोक हळूहळू सुटतो. ट्रॅप नेमबाजीत, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या (क्ले) टिपण्याच्या खेळात, 25 क्लेंच्या एका फेरीनंतर माझा चोक नखभर बाहेर आलेला दिसला. काढून बघितला तर आट्यांत काजळीचं काळंभोर कडं! छर्‍यांच्या वाटेत चोकची मागची कड आली तर नळी फुगू शकते.

आता प्रत्येक फेरीनंतर बंदूक उघडते, काडतुसं काढते, मागून नळीत आरपार उजेड बघते आणि मगच नळीच्या तोंडाकडे हात नेते. आटे ब्रशने साफ करून ग्रीस अगदी पातळ लावते, नाहीतर चोक अडकून बसतो. आणि चोक काढलेल्या नळीतून बार काढू नका, आतले उघडे आटे खराब होतात.