मदत हवी आहे: खारबांधाची उंची कशी ठरवायची?

धरमतर खाडीलगत, अलिबाग तालुक्यात आमची सामाईक खारजमीन (खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली शेतजमीन) आहे. पूर्वी बांधाला खांड (भगदाड) पडली तरच खारं पाणी आत यायचं. आता पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला ते बांधावरूनच येतं. उघाडीची (बांधातून पाणी बाहेर सोडायच्या दाराची) झडप नवी बसवली, खांडी बुजवल्या, ‘पनवेल ३’ हे खारटपणा सोसणारं भातही लावून पाहिलं, रोपं करपली. बाहेरच्या कांदळवनाला हात लावायचा नाही (कायद्यानेही लावता येत नाही, आणि लाटांचा मारा तेच झेलतं), म्हणजे बांध आहे तिथेच उंच करायचा. पण भरतीच्या तक्त्यातले आकडे सागरी नकाशातल्या शून्यापासून मोजलेले असतात, जमिनीपासून नाही. ते आमच्या बांधाशी जुळवायचे कसे, आणि वाढत्या समुद्रासाठी वर किती फूट जास्त धरायचे?