अनुभव धागा : कुलाबा किल्ल्याची बांधणी

अलिबागचा कुलाबा १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी पुरा केला. जलदुर्गांचा अभ्यास किंवा डागडुजी करणाऱ्यांनी इथे लिहा. नुसते 'भव्य' नको. सांधा कसला, ढासळते काय, ते हवे.

*

तट कोरडा रचलेला आहे, चुना नाही. मोठाल्या दगडांवर लाट आपटली की पाणी फटींत शिरते, जोर तिथेच मोडतो. लाट मागे सरली की ते निथळून जाते. म्हणून या फटी सिमेंटने लिंपणे म्हणजे किल्ल्याचा घात. पाणी आत तुंबते, तटाला पोट सुटते. खार दगडात सुकून पापुद्रे निघतात ते वेगळेच. निखळलेला दगड त्याच जागी, त्याच अंगाने बसवावा. डुगडुगला तर दगडाचीच चीप ठोकावी.

*

कोरड्या तटाबद्दल सहमत, पण म्हणून चुन्याला नावे ठेवू नका. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर दगड झिजून खोल गेलेत आणि भोवतीचा चुना मधाच्या पोळ्यासारखा उभा आहे. तिथे दगड आधी हरला, सांधा नाही.

*

पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच काढा. मोठे झालेले ओढलेत तर दोन दगड घेऊनच येते. बुंधा कापा, मूळ जागीच मरू द्या, मगच पोकळी भरा.

*

उत्तरेच्या खडकावरचा सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला चुकवू नका. तो खडक मोकळा राहिला असता तर शत्रूने तिथे तोफा चढवून किल्ला झोडपला असता. म्हणून त्यालाही तट घातला आणि दगडी बांधाने मुख्य किल्ल्याशी जोडला. महादरवाजा ईशान्येला, शहराच्या बाजूला आहे. खुल्या समुद्राची लाट आणि जहाजावरचा मारा, दोन्ही त्याच्यावर थेट येत नाहीत.

*

ओहोटीला किल्ल्यात चालत जाणाऱ्यांसाठी हिशेब : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, भरती बाराला, ओहोटी सहाला. तेव्हा पाणी खूप मागे हटते. अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, ओहोटी बाराला येते खरी, पण वाट पुरती उघडी पडेलच असे नाही. ओहोटीच्या तासभर आधी निघा, पाणी वळताच परता. पावसाळ्यात हा हिशेब वापरूच नका.