शब्दचर्चा : जन्मजात, आनुवंशिक, पिंड आणि राजकीय ‘कल’

प्रश्न

मेंदूची रचना आणि राजकीय मतं यांच्यावरच्या संशोधनाची ओळख करून देणारं एक टिपण लिहिते आहे. पहिल्या खर्ड्यात ‘माणसाची राजकीय मतं जन्मजात असतात’ असं वाक्य लिहिलं आणि तिथेच अडले. जन्मजात, उपजत, आनुवंशिक, वंशपरंपरागत हे शब्द बोलताना आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. इथे नेमका कोणता बसेल? शिवाय ‘पुराणमतवादी’ आणि ‘उदारमतवादी’ ही जोडीही खटकते आहे, पण का ते सांगता येत नाही.

प्रतिसाद

चारही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. इतर ठिकाणी सरमिसळ चालून जाते, पण या विषयात शब्द बदलला की विधानच बदलतं.

जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं, एवढंच. ते कशामुळे आलं हे तो शब्द सांगत नाही. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळात दोष येऊ शकतात. ते जन्मजात असतात, आनुवंशिक नसतात. उलट हंटिंग्टनचा आजार, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा विकार, एका जनुकातल्या बिघाडाने होतो, म्हणजे पक्का आनुवंशिक, पण त्याची लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतात. उपजत हा शब्द आपण जाण, हुशारी, प्रेरणा यांच्यासाठी राखून ठेवला आहे. ‘उपजत मत’ कानाला विचित्र वाटतं, आणि कान बरोबर सांगतो. मताला विषय लागतो. करआकारणी किंवा फाशीची शिक्षा यांवर मत घेऊन कुणी जन्माला येत नाही.

राहिले आनुवंशिक आणि वंशपरंपरागत. (‘अनुवंशिक’ नव्हे, आदिवृद्धी होऊन, म्हणजे पहिला स्वर दीर्घ होऊन, ‘आनुवंशिक’. छापील मजकुरातही ही चूक फार दिसते.) वंशपरंपरागत म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. धंदा, वतन, वैर, उपासना, सगळं वंशपरंपरागत असू शकतं आणि त्याला जनुकांची गरज पडत नाही. आनुवंशिक म्हटलं की मात्र जनुकांवाटे आलेलं.

हा भेद तुमच्या विषयात किती कामाचा आहे पाहा. जॉन अल्फर्ड, कॅरोलिन फंक आणि जॉन हिबिंग यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांच्या माहितीवर अभ्यास प्रसिद्ध केला. समरूप (एकाच फलित बीजापासून झालेल्या) जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात, असमरूप (दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या) जुळ्यांमध्ये बदलत्या जनुकांपैकी सरासरी निम्मी सारखी असतात. दोन्ही प्रकारच्या जोड्यांमधली मतं किती जुळतात याची तुलना केली की जनुकांच्या वाट्याचा अंदाज बांधता येतो. त्यांना दिसलं ते असं : सामाजिक-राजकीय प्रश्नांवरच्या भूमिकांमध्ये जनुकांचा वाटा बऱ्यापैकी आहे, पण आपण अमुक पक्षाचे ही ओळख मुख्यतः घरातल्या वातावरणातून येते. म्हणजे मराठीत चोख सांगायचं तर पक्षनिष्ठा ही बरीचशी वंशपरंपरागत आणि वैचारिक कल काही अंशी आनुवंशिक. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, दोन वेगळ्या अर्थांनी! दोन्हीकडे ‘वारसा’ लिहिलंत तर निष्कर्षाचा सगळा अर्थ वाहून जाईल.

या पद्धतीवर एक जुना आक्षेप आहे, तोही टिपणात यायला हवा. समरूप जुळ्यांना लोक जास्त सारखं वागवतात, ती एकमेकांच्या जास्त सहवासात असतात. तसं असेल तर जनुकांचा वाटा फुगून दिसतो.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोडून ‘आनुवंशिकता’ या शब्दाबद्दल. या नावाने संख्याशास्त्रात एक माप आहे, आणि ते वाचताना जवळजवळ सगळे घसरतात. एखाद्या गुणाची आनुवंशिकता ४० टक्के म्हटली की ‘माझ्या मतांतला ४० टक्के भाग आईवडिलांकडून आला’ असं वाचलं जातं. ते माप एका माणसाबद्दल काहीही बोलत नाही. विशिष्ट समूहात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत जो फरक आहे त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच ते सांगतं. हाताला पाच बोटं असणं हे जनुकांनी ठरतं यात वाद नाही. तरी बोटांच्या संख्येची आनुवंशिकता अगदी कमी भरते, कारण पाचापेक्षा कमी बोटं असतात ती बहुतेकदा अपघातामुळे. तेव्हा टक्का लिहाल तिथे ‘लोकांमधल्या फरकाचा’ हे शब्द गाळू नका.

आणि ‘जन्मजात’वर काट मारायला आणखी एक भक्कम कारण आहे. पीटर हटेमी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या जुळ्यांची मतं तपासली. मुलं घरी आईवडिलांजवळ असतात त्या वयात राजकीय मतांवर जनुकांचा प्रभाव दिसला नाही. विशीत, घर सोडल्यानंतर तो दिसू लागला. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण इथे अजिबात लागू पडत नाही. आनुवंशिक असूनही उशिरा उमटणारं, अशी ही गोष्ट आहे.

प्रश्नकर्ती

फारच उपयोगी. आता मेंदूकडे येते. ‘अमिग्डाला, म्हणजे मेंदूतलं भीतीचं केंद्र, परंपरावाद्यांमध्ये मोठं असतं’ असं वाक्य मला ठिकठिकाणी भेटतं. अमिग्डालासाठी मराठी शब्द आहे का? आणि ‘भीतीचं केंद्र’ म्हणावं का?

प्रतिसाद

नाव ग्रीक आहे, अर्थ बदाम. आकारावरून पडलं. ‘बदामाच्या आकाराचा भाग’ अशी एकदा ओळख करून द्या आणि पुढे अमिग्डालाच ठेवा. घडवलेला संस्कृत शब्द वाचकाला दोनदा अडवेल.

‘भीतीचं केंद्र’ मात्र कृपा करून लिहू नका. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण या विषयातला सगळ्यात जास्त गोंधळ या दोन शब्दांतून जन्मतो.

एका दुर्मीळ आजाराने दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालेली एक स्त्री वैद्यकीय लेखनात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिला साप, कोळी, भयपट यांची भीती वाटत नाही, हे २०११ मध्ये नोंदवलं गेलं. इथपर्यंत ‘भीतीचं केंद्र’ खरं वाटतं. पण २०१३ मध्ये तिला आणि तसाच आजार असलेल्या आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिघींचीही भीतीने गाळण उडाली. अमिग्डाला नसताना! शिवाय हा भाग सुखद, हव्याशा गोष्टींनाही प्रतिसाद देतो. समोर आलेली गोष्ट दखल घेण्याजोगी आहे का, हे ताडण्यात त्याचा हात आहे, असं म्हणणं वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातं.

अमिग्डालाच्या अभ्यासात ज्यांचं आयुष्य गेलं त्या जोसेफ लेडू यांनीच ‘भीती’ हा शब्द जाणवणाऱ्या अनुभवासाठी राखावा, आणि मेंदूतल्या या यंत्रणेबद्दल ‘धोका ओळखणं, त्याला प्रतिसाद देणं’ असं बोलावं, असा आग्रह धरला आहे. मराठीत हे सहज जमतं. भीती वाटते, धोका असतो. आपल्याकडे क्रियापदंच वेगळी आहेत. ‘अमुक विचारांच्या लोकांचा मेंदू भित्रा’ असा निष्कर्ष केवळ चुकीच्या नामातून तयार होतो, आणि तो खऱ्याखुऱ्या माणसांना चिकटतो.

आता ‘मोठं असतं’बद्दल. मूळ अभ्यास रिओता कनाई आणि सहकाऱ्यांचा, २०११चा, लंडनमधल्या ९० तरुण विद्यार्थ्यांवर. स्वतःला परंपरेकडे झुकलेले म्हणवणाऱ्यांत उजव्या अमिग्डालातलं करडं द्रव्य (मुख्यतः चेतापेशींनी बनलेला भाग) जास्त दिसलं, तर बदलाकडे झुकलेल्यांत अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या, चुका आणि विसंगती टिपण्यात हात असलेल्या भागातलं. २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये ९२८ जणांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला गेला. अमिग्डालाचा संबंध टिकला, पण मूळ अभ्यासापेक्षा बराच लहान. दुसरा संबंध आढळलाच नाही. फरक इतका बारीक की मेंदूचं चित्र पाहून कुणाचं मत ओळखता येण्याचा प्रश्नच नाही. ‘सरासरीने किंचित जास्त’ हे तीन शब्द लिहाच. सरासरी म्हटली की दोन्ही गटांत लहान आणि मोठे, दोन्ही प्रकारचे अमिग्डाला असणार हे आपोआप कळतं.

प्रतिसाद

पुराणमतवादी-उदारमतवादी का खटकतं? पहिल्यात ‘पुराण’ आहे, दुसऱ्यात ‘उदार’. एकाला जुनाट म्हटलं, दुसऱ्याचं कौतुक केलं, आणि मग म्हणे तटस्थ विज्ञान. परंपरावादी-परिवर्तनवादी घ्या. दोघांनाही स्वतःबद्दल तो शब्द वापरायला संकोच वाटू नये, ही कसोटी.

डावे-उजवे हेही चालतील, पण ते शब्द १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेतल्या बसण्याच्या जागांवरून आले आहेत. राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले. ‘उजवा अमिग्डाला’ आणि ‘उजवे मतदार’ एका वाक्यात आले तर वाचक भलतंच नातं जोडेल.

प्रश्नकर्ती

‘पिंड’ कसा वाटतो? ‘माणसाचा राजकीय पिंड’ असं लिहिलं तर?

प्रतिसाद

शब्द सुंदर आहे आणि वाटतो तेवढा जन्माला बांधलेला नाही. ‘त्याचा पिंडच तसा’ म्हणताना आपण बदल अशक्य मानतो. पण ‘वाचनावर तिचा पिंड पोसला’ असंही म्हणतो. पोसला म्हणजे बाहेरून काहीतरी मिळालं. तरी तुमच्या संदर्भात तो जड होतो. किंचित सरासरी फरकाला ‘पिंड’ म्हणणं म्हणजे पुरावा आहे त्याहून मोठा करणं.

मेंदूसाठी ‘घडण’ घ्या. तो शब्द घडवणाऱ्यासाठी जागा मोकळी ठेवतो, आणि ती ठेवायलाच हवी. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरण आणि वाटा लक्षात ठेवणं यांत गुंतलेल्या मेंदूच्या भागाचा, मागचा भाग मोठा असतो हे एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं. तेव्हाही प्रश्न तोच होता : मेंदू तसा म्हणून हे काम जमलं, की काम केल्यामुळे मेंदू तसा? २०११ मध्ये उमेदवारांना शिक्षणाआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा शहराचे रस्ते पाठ करून परवाना मिळवणाऱ्यांत वाढ दिसली. राजकीय मतांच्या बाबतीत एकाच वेळी काढलेल्या चित्रांवरून कुठलं आधी, कुठलं नंतर हे ठरत नाही. वर्षानुवर्षं एका प्रकारे जग पाहिल्यामुळेही घडण बदललेली असू शकते.

आणि मतांसाठी ‘कल’. भिंत कलते, उन्हं कलतात, मतमोजणीत कल दिसतात. तिन्ही ठिकाणी दिशा आहे, पण शेवट ठरलेला नाही. संशोधनातून जे हाती आलं आहे ते नेमकं एवढंच आहे.

प्रश्नकर्ती

मग वाक्य असं करते : ‘माणसांच्या राजकीय कलांमध्ये जे फरक दिसतात, त्यांचा काही भाग आनुवंशिक असावा, मेंदूच्या घडणीशीही या कलांचा लहानसा संबंध आढळला आहे.’

प्रतिसाद

उत्तम. ‘आढळला आहे’ बदलू नका. संपादक बहुतेक ‘सिद्ध झाला आहे’ करतील. त्यांना २००८ चा एक अभ्यास दाखवा : ४६ माणसं, दचकवणारे आवाज आणि भीतिदायक चित्रं, आणि निष्कर्ष असा की संरक्षणखर्च, देहदंड यांना पाठिंबा देणाऱ्यांचं शरीर धोक्याला जास्त तीव्र प्रतिसाद देतं. ‘सायन्स’मध्ये छापून आला, जगभर गाजला. २०२० मध्ये इतर संशोधकांनी कितीतरी जास्त लोकांवर तोच प्रयोग केला, तेव्हा तो संबंध मिळाला नाही. ज्यांनी ‘आढळला’ लिहिलं होतं त्यांचं वाक्य आजही खरं आहे.

‘असावा’सुद्धा ठेवा. फक्त ‘लहानसा संबंध’च्या आधी ‘सरासरीने’ घाला.